दुधात काय होतं

लोणखेडा, ५ जानेवारी

स्वप्नाली,

फोन करणार नाही. फोनवर तू बोलता बोलता थांबलीस की मी त्या थांबण्याचा अर्थ लावत बसतो. कागदावर थांबणं ऐकू येत नाही.

एकच विचारायचं आहे. दुधात काही होतं की नव्हतं?

हो किंवा नाही एवढंच लिही. कारण नको.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी मला एक सवय लावून घ्यायला सांगितली आहे. जे पाहिलं ते एका ओळीत लिहायचं. त्यावरून जे वाटलं ते दुसऱ्या ओळीत. दोन्ही मिसळायचं नाही. आजारात या दोन ओळींमधली जागाच बुजते, असं ते म्हणतात. तर लिहितो.

पाहिलं: सप्टेंबरपासून दुधाला वेगळी चव होती. कडसर. शेंगदाण्याचं लाल साल चावल्यावर जिभेच्या मागे राहते तशी.

पाहिलं: भाऊबीजेला भाग्येश आला आणि तू त्याच्याबरोबर सुरतेला गेलीस. त्यानंतर ती चव गेली.

वाटलं: ते तुला माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले, चव पहिल्या ओळीत लिहू नका. आवाज वाटू शकतो तशी चवही वाटू शकते. मी ती पहिल्याच ओळीत ठेवली आहे. तेवढ्यासाठी हे पत्र आहे.

दुधात काही नसेल तर माझी जीभही आजारी आहे. मग डॉक्टरांनी वाढवलेली गोळी मी जन्मभर घेईन. मूल नाही, हे मान्य करीन. तुझा भाऊ म्हणेल तिथे सही करीन, कारण ज्याला स्वतःच्या तोंडातली चव कळत नाही त्याने बायकोला थांब म्हणू नये. पण काही असेल तर माझ्यातलं निदान एक इंद्रिय शाबूत होतं. त्यावर उभं राहता येईल.

त्या दिवशी ग्लास खाली पडला. दूध ओट्यावरून मोरीपर्यंत गेलं. एवढं मला नीट आठवतं.

गोळी आता माय देते. रोज हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. आवाज गेले आहेत. कॉलेजात परत जातो. ग्रंथालयात माझी खुर्ची दाराकडे होती, ती त्यांनी भिंतीकडे लावली आहे. कारण मी विचारलेलं नाही.

नवनीत


लोणखेडा, १९ जानेवारी

स्वप्नाली,

तुझं उत्तर आलं नाही. भाग्येशचं आलं. त्याने पंचांतल्या लोटन आबांना फोन केला. शिवरात्रीनंतरच्या रविवारी आपल्या ओट्यावर बैठक ठरली आहे. तुझ्याकडची चार माणसं, इकडची चार, मध्ये आबा. विषय एकच, मुलाचा आजार लपवून लग्न लावलं. फारकत द्या.

आबांनी मला बोलावून विचारलं, "भाऊ, तुले काय सांगनं शे?"

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

लग्नाआधी सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या रांगेमागे, मी तुला गोळ्यांची पट्टी दाखवली होती. तू ती हातात घेतलीस, नाव वाचलंस, परत दिलीस. म्हणालीस, "सोडू नका म्हणजे झालं." हे मी बैठकीत सांगणार नाही. तू घरी बोलली नाहीस त्याला काही कारण असेल. ते काय असेल याचा मी विचार करतो. पुष्कळ करतो.

आज दुसरी गोष्ट लिहायची आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या फार्मसी कॉलेजात मुलांनी पोस्टरं लावली होती. तू माझा डबा घेऊन आलीस आणि शेवटच्या वर्षाच्या काजलच्या पोस्टरपाशी थांबलीस. मी पुस्तकांच्या गाडीमागे होतो. तुम्ही मला पाहिलं नाही.

काजल पाठ केलेलं बोलत होती. मानसिक आजारावरची गोळी उंदरांना दिली. नर उंदीर. अंगात दूध आणणारं हार्मोन वाढलं, बीज कमी झालं. मग काही उंदरांना गोळीबरोबर कौचाच्या बियांचा अर्क दिला. कौचा म्हणजे खाजकुइली, जिच्या शेंगेला हात लागला तर दिवसभर अंग खाजतं. अर्क दिलेल्या उंदरांचं बीज पुष्कळसं सुधारलं.

तू विचारलंस, "म्हणजे हे सगळं गोळीमुळे होतं?"

"हो मॅडम. गोळीनेच होतं. बी ते भरून काढतं."

"मग त्या उंदरांना पिल्लं झाली?"

काजल हसली. "तिथपर्यंत नेलंच नाही मॅडम. मार्चला सबमिशन होतं."

तूही हसलीस. डबा मला दिलास आणि पोस्टरविषयी एक शब्द बोलली नाहीस. मी वाट पाहिली, त्या दिवशी आणि नंतरही. गोळीने माझ्या अंगाचं काय केलं ते तुला ठाऊक होतं. बनियनवर छातीपाशी पडणारे डाग तूच धूत होतीस, वेगळ्या बादलीत. त्यावर आपण कधी बोललो नव्हतो. आता बोलायला पोस्टर मिळालं होतं आणि तरी तू गप्प राहिलीस.

पुढच्या महिन्यात चव आली.

तुझी शपथ मला आठवते. गल्लीतल्या बायका दारात होत्या. तू मायच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, मी दुधात काही टाकलं नाही.

पाहिलं: बोलताना तुझा आवाज स्थिर होता. नजर मात्र शिलाई मशीनकडे गेली आणि लगेच परत आली.

वाटलं: ही खोटं बोलते आहे.

सगळे म्हणाले आजार आहे. बोअरची मोटार माझं नाव घेते असं मी त्याच आठवड्यात सांगत होतो, तेव्हा माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण मोटार वेगळी, तुझी नजर वेगळी. ती मी पाहिली होती.

नवनीत


लोणखेडा, ३ फेब्रुवारी

स्वप्नाली,

चव परत आली आहे.

तू सुरतेला आहेस. इथे माय आणि मी. गाय तीच, भांडं तेच.

चार दिवस मी कोणाला काही बोललो नाही. बोलून एकदा काय झालं ते पाहिलं आहे. माय सकाळ-संध्याकाळ ग्लास आणून ठेवते. मी म्हणतो, थोडं निवू दे. ती आत गेली की मोरीत ओततो आणि ओठांना थोडं दूध लावून ठेवतो. तिला रिकामा ग्लास दिसतो. हे लिहिताना मला कळतं की हे वेड्या माणसाचं वागणं आहे. शहाण्या माणसानेही याहून वेगळं काय केलं असतं ते मला सुचत नाही.

काल दूध रुमालातून गाळलं. रुमालावर बारीक करडा गाळ राहिला. बोटांनी चोळला तर रवाळ लागला.

पाहिलं: गाळ.

वाटलं: काहीच लिहीत नाही. घाबरलो आहे.

तू टाकत नव्हतीस, हे आता मला मान्य करावं लागेल. पण मग नजर मशीनकडे का गेली? एक गोष्ट सुटली की दुसरी घट्ट होते.

आज मायला सरळ न विचारता म्हटलं, "माय, दूध जरा वेगळं लागतं."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "गायना चारा बदलना. उसना वाढा खाई ऱ्हायनी ती."

"मध्ये दोन-तीन महिने असं लागत नव्हतं."

"पी ले, थंडं व्हई जाई. मी काय तुले जहर देसू का रे? आनी आते ती बी नही शे घरमा, ते कोनं नाव लेशी?"

शेवटचं वाक्य तिने हसत म्हटलं. मीही हसलो.

मग मी उलटीकडून शोधलं. मागच्या श्रावणात माय उपवासाची भगर आणायला मोलगीच्या बाजारात गेली होती. चव त्यानंतरची. गेल्या आठवड्यात शिवरात्रीची भगर आणायला ती परत गेली. चव त्यानंतरची. शहाद्याला वाण्याकडे भगर मिळते. माय म्हणते ती पॉलिश केलेली असते. आजवर मला ते खरं वाटत होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं की ग्लास खाली पडला. ग्लास माझ्या हातात होता.

नवनीत


तळोदा, ११ फेब्रुवारी

स्वप्नाली,

मोलगीहून परत येतो आहे. शहाद्याच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसून लिहितो आहे.

सकाळी इथूनच जीपने वर गेलो. बाजारात भगर, मोर नावाचं भरड धान्य, तूर, मिरची आणि शेवटच्या रांगेत जडीबुटीवाल्या बायका. प्रत्येकीपुढे पोत्यावर ढीग. मुळ्या, साली, डिंक. मी तिसऱ्या बाईपाशी बसलो. नाव रमिलाबाई. तिच्यापुढे काळ्या चकचकीत बियांचा ढीग होता. काजलच्या पोस्टरवर याच बियांचा फोटो होता.

मी विचारलं, लोणखेड्याची बेबीबाई इथून नेते का? उंच, कपाळावर गोंदण.

ती म्हणाली, "आधी घे, मग इचार."

मी पाव किलो घेतल्या. ती वजन करताना म्हणाली, "लोणखेडा-फिणखेडा मला माहीत नाय. एक म्हातारी येते. भाव लई करते. दोनदा उठून जाते, तिसऱ्यांदा घेते."

ही मायच.

"काय म्हणून नेते?"

"लेकाला पोर नाय म्हणून. तूच का तो?" तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या बाईला त्यांच्या भाषेत काही सांगितलं. दोघी हसल्या. मला काय वाटलं ते लिहीत नाही. त्या हसल्या एवढं पाहिलं.

"दुधात उकळायच्या. साल काढायची. वाळवून कुटायचं. सकाळ-संध्याकाळ चमचा. खंड नाय पाडायचा. पडला तर पयल्यापासून."

"डोक्याच्या आजाराची गोळी चालू असली तर?"

"डोक्याला?" तिने मान हलवली. "डोक्याचं नाय हे. हे खालचं." शेजारीण परत हसली. "डोक्याचं पाहिजे तर ती पलीकडे बसते, तिच्याकडे जा. तिचं काय लागू पडत नाय, पण जा."

उतरताना जीपमधूनच डॉक्टरांना फोन लावला. जीपमधले सगळे ऐकत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच मला वाटलं की ते मला पेशंट म्हणून ऐकत नाहीत. म्हणाले, "नवनीत, ती गोळी मेंदूत जे दाबते, तेच हे बी वाढवतं. म्हणून खाली फायदा होऊ शकतो. आणि म्हणून वर आजार उसळू शकतो. काजलच्या उंदरांना आजार नव्हताच. त्यांचं काय उसळणार?"

खरं आहे. उंदरांचं बीज मोजलं. त्यांना कोणी हाक मारतं का, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हा माझी जीभ बरोबर होती. दुधात होतं. आणि मी आजारीही होतो. दोन्ही. मला वाटत होतं यातलं एकच खरं असेल.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "तरी एक कळत नाही. तुमची गोळी नीट चालू असती तर चमचाभर बियांनी इतकं होईल का, मला शंका आहे. त्या दिवसांत गोळी कोण देत होतं?"

मी म्हटलं, बायको.

"अख्खी पोटात जात होती ना?"

गाडी लागली आहे.

नवनीत


लोणखेडा, १९ फेब्रुवारी

स्वप्नाली,

शर्टाचं बटण लावायला दोरा हवा होता म्हणून मशीनचा खण उघडला, असं लिहिणार होतो. बटण तुटलं नव्हतं. मी शोधत होतो. दोन दिवस फक्त मशीनभोवती फिरलो, तिसऱ्या दिवशी माय शेतात गेल्यावर उघडला.

बॉबिनांच्या मागे टिकल्यांची डबी. तिच्यात अर्ध्या गोळ्या. नखाने तोडलेल्या नाहीत, कात्रीने कापलेल्या, कडा सरळ. तू काज कापतेस तशा.

पाहिलं: अर्ध्या गोळ्या.

रोज जेवण झाल्यावर तू गोळी पाण्याबरोबर माझ्या तोंडात टाकायचीस. म्हणायचीस, "आ करा." मला ते आवडायचं. कोणी बघत नाही असं पाहून तू माझ्या हनुवटीला बोट लावायचीस. मी कधी जिभेने गोळीचा आकार तपासला नाही. दुधावर संशय घेतला. तुझ्या बोटावर घेतला नाही.

एकाच पोस्टरवरून दोन गोष्टी घरी आल्या. मायकडे बी गेलं. तुझ्याकडे गोळी राहिली. तिला तुझं माहीत नव्हतं, तुला तिचं. मी तुम्हा दोघींच्या मध्ये बसून दूध पीत होतो आणि मोटार माझं नाव घेत होती.

म्हणजे तुझी शपथ खरी होती. दुधात तू काही टाकलं नाहीस. माझा प्रश्न चुकीचा होता. तुला ते त्याच क्षणी कळलं असणार. बरोबर प्रश्न तुला माहीत होता आणि तो विचारला जाण्याआधी तू भाऊबीजेच्या ताटाआडून निघून गेलीस. सगळे म्हणतात तू माझ्या भीतीने गेलीस. मला वाटतं तू या डबीच्या भीतीने गेलीस. हे वाटलेलं आहे. दुसऱ्या ओळीतलं आहे. तरी लिहितो.

एक कळत नाही. फेकल्या का नाहीस? मोरी होती, चूल होती, शेत होतं. ज्याला लपवायचं असतं तो फेकतो. तू जपून ठेवल्यास.

बैठकीत भाग्येश म्हणेल, मुलगा वेडा आहे. तेव्हा मी आबांच्या पुढे डबी ठेवू शकतो. तिथे सगळं उलटेल. वेडा कोणी केला, असं विचारता येईल. तुझ्या बापाची चार माणसं खाली मान घालून उठतील. मी याचा पुष्कळ विचार केला आहे आणि त्यात मला आनंद होतो.

डबी घेऊन बसणार आहे. तुला आधी कळवतो आहे, कारण मागच्या वेळी मी तुला काही न कळवता पकडलं.

त्या दिवशी मी तुला म्हटलं, काही नसेल तर पिऊन दाखव. तू प्यायली नाहीस.

नवनीत


लोणखेडा, ४ मार्च

स्वप्नाली,

तू समोर होतीस. तरी लिहितो आहे, कारण आपण बोललो नाही.

मला वाटलं होतं तू येणार नाहीस. एकोणीस फेब्रुवारीचं पत्र मिळाल्यावर कोणीही आलं नसतं. तू आलीस. बायकांमध्ये, उंबऱ्याच्या आत, खांबाला टेकून बसलीस. माझा हात खिशात होता. खिशात काय आहे ते इतक्या माणसांत तुला एकटीला माहीत होतं.

भाग्येश चांगलं बोलला. मला तो वाईट माणूस वाटत नाही. "आबा, आमी पोरगी दिधी, ती काय दवाखाना चालाडाले दिधी? येक शब्द सांगा नही आमले."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार त्याआधी उंबऱ्याच्या आतून तू म्हणालीस, "मले सांगेल व्हतं. लगीनना पहिले. मीच सांगं नही घरमा."

भाग्येश उंबऱ्याकडे वळला. मग तुला म्हणाला, "तू आते बोली ऱ्हायनी?"

तेव्हा माय आतून आली. सगळ्यांना चहा झाला होता. तिच्या हातात माझा ग्लास होता. भर बैठकीत. खंड पडायला नको ना. मी घेणार नाही असं तिच्या मनातही आलं नसेल.

तिने ग्लास माझ्यापुढे ठेवला. "पी ले, भाऊ."

मी वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

आठ माणसं बघत होती. तुझे काका भाग्येशच्या कानाला लागले. "देखं? आते बी तेच." कोणीतरी चहाची बशी वाजवली. मला कळत होतं की मी पितो की नाही यावर सगळं ठरतं आहे. प्यायलो तर शहाणा. डबीवर माझं बोट होतं. झाकण उघडायला फार जोर लागला नसता.

तू उठलीस. उंबरा ओलांडून पुरुषांच्या मधून आलीस. पदर सारखा केला नाहीस. ग्लास उचललास. भाग्येश म्हणाला, "हाई काय नाटक चाली ऱ्हायनं?" तू अर्धा ग्लास एका दमात प्यायलीस. तोंड पुसलंस. मग माझ्याकडे नाही, मायकडे बघून म्हणालीस, "आत्या, हाई कडू शे."

सप्टेंबरपासून मी या शब्दांची वाट पाहत होतो. ते ऐकल्यावर मला काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. फक्त पाठ भिंतीला टेकली.

आबा म्हणाले, "बेबीबाई, कसानं शे वं हाई?"

माय एकदम रडायला लागली नाही. आधी भांडली. "दवाई शे! मी काय वाईट करं? मोलगीथीन लई येस, हातनी कुटस. तीच ते सांगे ना मले, कालेजमा उंदीरसले गुन उना. उंदीरसले येस ते मन्हा पोऱ्याले नही येवाव?"

तुझ्या काकांना हसू आलं. मग आबांनाही. सगळा ओटा हसला. मायला राग आला.

आबांनी विचारलं, "आनी मधमा बंद कसाले करं व्हतं?"

"बायकोच घरमा नही ते कसाले देऊ?" माय म्हणाली. "आते ती येवाव शे, म्हनीसन चालू करं."

तिला खरंच वाटत होतं की बैठक तुला परत आणायला आहे. घरात तेवढं वाटणारी ती एकटीच होती.

पुढचं तू ऐकलंस. आबांनी निकाल दिला नाही. म्हणाले, आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, पोरगी माहेरीच असते, तोवर थांबा, मग बोलू. भाग्येशने मान हलवली. गाडीत बसताना तू मागे पाहिलंस की नाही ते मला माहीत नाही. मी तेव्हा जमिनीकडे बघत होतो.

डबी मी बाहेर काढली नाही. बैठकीला तुझ्या गोळ्यांचं कळलं नाही. मायलाही नाही. तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. तू ग्लास उचललास तेव्हा माझं बोट झाकणावरून निघालं, त्यात माझं काही नव्हतं.

काल डॉक्टरांकडे गेलो. मायला बरोबर नेलं. त्यांनी तिला बियांचं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मंग थोडं थोडं देऊ का?" त्यांनी नाही म्हटलं. अर्ध्या गोळ्या मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या, ती बाहेर गेल्यावर. तुझं नाव सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, पुष्कळ घरांत होतं, आणि घरातला माणूस मला विचारायला घाबरतो हा माझाही दोष आहे. दुसरी एक गोळी आहे, तिने हे हार्मोन तितकं वाढत नाही. हळूहळू बदलून बघू. आजार सांभाळला गेला तर. बीज सुधारेल की नाही, मूल होईल की नाही, ते सांगता येत नाही. तसंच तुला कळवतो. कमी-जास्त करून नाही.

गोळी आता मी स्वतः घेतो. अख्खी.

माय आता दूध माझ्यासमोर ओतते आणि आधी आपण घोट घेते. "देख, जित्ती शे मी," म्हणते. मी तरी वास घेतो. ते जाणार नाही. तू आलीस तर तुझ्या हातचंही हुंगून पाहीन. हे माहीत असू दे.

तू गोळ्या का फेकल्या नाहीस, ते विचारणार होतो. विचारत नाही. पहिल्या पत्रातला प्रश्नही मागे घेतो. त्याचं उत्तर मिळालं.

एक राहिलं.

पाहिलं: बैठकीत तू ग्लास तोंडाच्या डाव्या बाजूला लावलास. उजवीकडचा पुढचा दात तुटलेला आहे. ऑक्टोबरमध्ये मी ग्लास तुझ्या तोंडात कोंबला तेव्हा तुटला.

याच्याखाली दुसरी ओळ येत नाही.

नवनीत